पन्नास हजार पौंड प्रीमियम बाँडमध्ये ठेवावेत का? आधी पैसे कोणाच्या नावावर ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही स्लाउमध्ये राहता. तुमचा पगार वर्षाला ६२,००० पौंड, पत्नी अर्धवेळ काम करते, तिचा १६,०००. मुलगी चार वर्षांची. गाठीशी ६०,००० पौंड आहेत, सगळे तुमच्या नावावरच्या बचत खात्यात. दोनेक वर्षांत इथे घर घ्यायचंय. ऑफिसातला सहकारी म्हणतो, ५०,००० प्रीमियम बाँडमध्ये टाक, बक्षिसं करमुक्त असतात, मला दर महिन्याला काही ना काही लागतंच. मग हे मुदत ठेवीपेक्षा किंवा आयसापेक्षा (ISA, व्याजावर कर न लागणारं ब्रिटिश बचत खातं) बरं का? जाता जाता तुम्ही हेही लिहिलंय की पुण्यातल्या आईवडिलांच्या फ्लॅटवर तुमचंही नाव आहे आणि पुढेमागे भारतात परतायचा विचार आहे. हे दोन तपशील तुम्ही सहज लिहिले असतील, पण उत्तरात दोन्ही लागणार आहेत.

माझं मत आधीच सांगतो. तुमच्या एकट्याच्या नावावर पैसे राहणार असतील तर सहकाऱ्याचा सल्ला वाईट नाही. पत्नीच्या नावावर नेता येत असतील तर तो सल्ला तुम्हाला वर्षाला पाचसहाशे पौंडांना पडेल. आकडे खाली देतो. व्याजदर सतत हलतात, त्यामुळे मी घेतलेले दर उदाहरणादाखल धरा आणि रीत लक्षात ठेवा. प्रीमियम बाँडच्या सोडतीचा दर (म्हणजे काय ते खाली येईलच) मी ३.६० टक्के धरलाय, तो ऑगस्ट २०२५ च्या सोडतीपासून लागू झाला होता. तुम्ही वाचाल त्या दिवशीचा दर एनएसअँडआय (NS&I) या बाँड चालवणाऱ्या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर बघून घ्या.

ज्यांना ही योजना नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. प्रीमियम बाँड ही ब्रिटिश सरकारच्या एनएसअँडआय या संस्थेची बचत योजना. १९५६ च्या अर्थसंकल्पात हॅरल्ड मॅकमिलन यांनी ती जाहीर केली आणि पहिली सोडत जून १९५७ मध्ये निघाली. विरोधी पक्षाच्या हॅरल्ड विल्सन यांनी तेव्हा हिला ओंगळ लॉटरी म्हणून हिणवलं होतं, पण लोकांना ती आवडली ती आवडलीच. एका पौंडाला एक बाँड, एक क्रमांक. कमीत कमी २५ पौंड, जास्तीत जास्त माणशी ५०,०००. व्याज शून्य. सगळ्यांच्या व्याजाचे पैसे एकत्र करून दर महिन्याला सोडत काढतात, क्रमांक काढणाऱ्या यंत्राचं नाव अर्नी. मुद्दल सुरक्षित आणि हवं तेव्हा परत मिळतं. आपल्याकडची लकी ड्रॉवाली भिशी डोळ्यांपुढे आणा. फरक एवढाच की इथे नंबर कधीच लागला नाही तरी तुमचे पैसे जसेच्या तसे राहतात आणि हमी खुद्द सरकारी खजिन्याची असते.

आता ३.६० टक्क्यांकडे येऊ, कारण बहुतेकांची गफलत इथेच होते. हा व्याजदर नाही. सगळ्यांच्या एकूण पैशांवर वर्षभरात जेवढी रक्कम बक्षिसांत वाटली जाते तिची ती टक्केवारी आहे. तिच्यात दर महिन्याची दहा-दहा लाख पौंडांची दोन बक्षिसंही मोजलेली असतात, आणि ती तुम्हाला लागणार नाहीत असं धरूनच हिशेब करायला हवा.

बक्षिसांच्या रकमेची वाटणी अशी असते: १० टक्के रक्कम मोठ्या बक्षिसांना (५,००० पौंडांपासून दहा लाखांपर्यंत), १० टक्के मधल्या बक्षिसांना (५०० आणि १,०००), आणि उरलेली ८० टक्के छोट्यांना (२५, ५० आणि १००). या दराबरोबर एका बाँडला एका महिन्यात बक्षीस लागण्याची शक्यता २२,००० त एक होती. एवढ्या माहितीवर बाकी सगळं स्वतःला काढता येतं.

तुमच्याकडे पूर्ण ५०,००० असतील तर महिन्याला सरासरी सव्वादोन बक्षिसं, वर्षाला साधारण २७. एखादा महिना पूर्ण कोरडा जाण्याची शक्यता दहात एक. म्हणजे सहकारी खोटं बोलत नाहीये, एवढे बाँड असलेल्या कोणालाही जवळपास दर महिन्याला काहीतरी लागतंच. पण किती लागतं ते बघा. ३.६० च्या ८० टक्के म्हणजे २.८८. पन्नास हजारांवर छोट्या बक्षिसांतून वर्षाला सरासरी १,४४० पौंड, महिन्याला १२०. बँकेने ४.२ टक्क्यांनी महिन्याला १७५ पौंड व्याज जमा केलं तर ते चहाच्या टेबलावर कोणी सांगत बसत नाही. १०० पौंडांचं बक्षीस लागलं की मात्र सगळ्या मजल्याला कळतं.

मधली बक्षिसं, म्हणजे ५०० किंवा १,००० पौंडांची, पूर्ण रक्कम असलेल्याला साधारण साडेतीन वर्षांतून एकदा लागतात. पाच हजारांचं किंवा त्याहून मोठं काही लागायला सरासरी ऐंशीएक वर्षं जातील. दहा लाखांची शक्यता एका वर्षात लाखात एक, फार तर थोडी कमीजास्त. तेव्हा नशीब ना फार चांगलं ना फार वाईट अशा माणसाला ५०,००० वर वर्षाला १,५०० पौंडांच्या आसपास मिळतात, म्हणजे ३ टक्के. माझ्या सगळ्या तुलना मी या ३ टक्क्यांशी करतो, जाहिरातीतल्या ३.६० शी नाही. छोट्या बक्षिसांतही चढउतार असतोच. एका वर्षी अकराशे आणि पुढच्या वर्षी साडेसतराशे, यात नवल काहीच नाही.

रक्कम लहान असेल तर चित्र पार बदलतं. १,००० पौंडांचे बाँड असतील तर वर्षभरात एकही बक्षीस न लागण्याची शक्यता ५८ टक्के. म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचा परतावा शून्य. ५,००० असतील तर शंभरातले सहासात जण कोरडे राहतील, १०,००० असतील तर हजारातले चारपाच. मुलीच्या वाढदिवसाला १०० पौंडांचे बाँड घेतले तर ९५ टक्के शक्यता हीच की वर्षभर काही येणार नाही. भेट म्हणून गंमत आहे, बचत म्हणून तिच्या नावाचं साधं खातं बरं.

आता खरा प्रश्न कराचा. प्रीमियम बाँडची बक्षिसं ब्रिटनमध्ये आयकरातून आणि भांडवली नफ्याच्या करातून पूर्ण मुक्त आहेत. तुमचा पगार ५०,२७० च्या वर आहे, म्हणजे तुम्ही ४० टक्क्यांच्या टप्प्यात. तुम्हाला वर्षाला फक्त ५०० पौंड व्याज करमुक्त मिळतं. २० टक्क्यांच्या टप्प्यातल्याला १,०००, आणि १,२५,१४० च्या वर कमावणाऱ्याला काहीच नाही.

५०,००० पौंड ४.२ टक्क्यांच्या खात्यात तुमच्या नावावर ठेवले तर व्याज २,१००. त्यातले ५०० सुटले, उरलेल्या १,६०० वर ४० टक्के म्हणजे ६४० पौंड कर. हातात १,४६०, म्हणजे २.९२ टक्के. प्रीमियम बाँडचे आपण काढलेले ३ टक्के आणि हे जवळपास सारखेच.

त्यात आणखी एक छुपा खर्च आहे. तुम्ही चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठीचा सरकारी भत्ता) घेत असाल तर ६०,००० च्या वरच्या दर २०० पौंड उत्पन्नाला त्यातला १ टक्का परत द्यावा लागतो. या उत्पन्नात बँकेचं व्याज धरतात, ५०० पौंडांच्या सवलतीत बसणारं व्याजसुद्धा. २,१०० च्या व्याजाने तुमची परतफेड १० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर जाते. एका मुलाचं वर्षाचं चाइल्ड बेनिफिट २०२५-२६ मध्ये १,३५४.६० पौंड होतं, म्हणजे आणखी १३५ पौंड गेले. हातात १,३२५, म्हणजे २.६५ टक्के. बाँडची बक्षिसं या उत्पन्नात मोजली जात नाहीत. तुमच्या नावावर, तुमच्या पगाराला, सहकाऱ्याचं म्हणणं इथे बरोबर ठरतं. (पेन्शनमध्ये तुम्ही किती टाकता ते लिहिलेलं नाही. ते वजा जाऊन करपात्र उत्पन्न ६०,००० च्या किंवा ५०,२७० च्या खाली येत असेल तर हा परिच्छेद नव्याने मांडावा लागेल.)

याच कारणाने ज्यांचं उत्पन्न ९८-९९ हजारांच्या आसपास आहे आणि लहान मूल सरकार पैसे देतं अशा तासांवर पाळणाघरात जातं, त्यांना मी सहसा व्याजापेक्षा बाँडकडे बघायला सांगतो. उत्पन्न एक लाखाच्या पुढे गेलं की ही मदत थांबते, आणि ती रेष व्याजामुळे ओलांडली तर जाणारे पैसे व्याजापेक्षा कितीतरी जास्त असतात.

पण तुमच्या घरात १६,००० कमावणारी व्यक्ती आहे आणि तुमच्या प्रश्नात तिचा विचारच नाही. ब्रिटनमध्ये कमी पगार असलेल्यांना व्याजावर वेगळी सवलत आहे. पगार १२,५७० पर्यंत असेल तर त्यावर ५,००० पौंडांपर्यंतचं व्याज शून्य कराने मिळतं. पगार त्यापुढे जेवढा जाईल तेवढी ही सवलत पौंडाला पौंड कमी होते आणि १७,५७० ला संपते. तुमच्या पत्नीचा हिशेब: १६,००० वजा १२,५७०, म्हणजे ३,४३०. पाच हजारांतून ते गेले, उरले १,५७०. त्यावर २० टक्क्यांच्या टप्प्याची नेहमीची १,००० ची सवलत. एकूण २,५७० पौंड व्याज तिला करमुक्त.

आता ६०,००० वर ४.२ टक्के काढा. २,५२० पौंड. सगळं त्या सवलतीत बसतं.

तुमची सगळी बचत तिच्या नावावरच्या साध्या बचत खात्यात असेल तर करही नाही, चाइल्ड बेनिफिटला धक्काही नाही (तिथे दोघांतल्या जास्त उत्पन्नवाल्याचं उत्पन्न बघतात), आणि परतावा पूर्ण ४.२ टक्के. ५०,००० पुरतं बोलायचं तर बाँडचे १,५०० विरुद्ध खात्याचे २,१००. प्रीमियम बाँड म्हणजे कर वाचवण्याची कायदेशीर जागा अधिक सोडतीची गंमत. त्या जागेची तुम्हाला गरजच नसेल तर वर्षाला सहाशे पौंड तुम्ही फक्त गमतीसाठी मोजताय. मोजायला हरकत नाही, पण माहीत असावं.

इथे लोक एक घोळ करतात. पैसे पत्नीच्या नावावर नेणं म्हणजे खरोखर तिला देणं. ते तिचे झाले, तुमचा त्यावर हक्क राहिला नाही, अशी ती भेट हवी. एकत्र खातं काढलंत तर व्याज साधारणपणे निम्मं-निम्मं धरलं जातं आणि तुमच्या वाट्यावर पुन्हा ४० टक्के लागतात. तिचा पगार वाढणार असेल, समजा पुढच्या वर्षी पूर्णवेळ नोकरी धरली, तर १७,५७० च्या पुढे ती १,५७० ची सवलत शून्य होते आणि १,००० च उरतात. त्यामुळे दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला हा हिशेब पुन्हा करायचा. एप्रिल २०२७ पासून व्याजावरचे दर दोन टक्क्यांनी वाढून २२, ४२ आणि ४७ होणार असल्याचं नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात जाहीर झालंय, त्यामुळे नाव कोणाचं हा प्रश्न पुढे आणखी महागात पडेल.

आयसाचं उत्तर सोपं आहे. रोख आयसात माणशी वर्षाला २०,००० टाकता येतात आणि व्याजावर कर नाही. ब्रिटनचं करवर्ष ५ एप्रिलला संपतं. दोघांनी ५ एप्रिलच्या आधी २०-२० हजार आणि ६ एप्रिलनंतर पुन्हा तेवढेच टाकायचं ठरवलं तर काही आठवड्यांत ८०,००० ची सोय होते, म्हणजे तुमच्या बचतीपेक्षा जास्त. रोख आयसाचा दर बरेचदा साध्या खात्यापेक्षा थोडा कमी असतो. म्हणून पत्नीची करमुक्त जागा आधी भरा, तुमच्या नावावर जे ठेवायचं ते आयसात ठेवा. दोन वर्षांच्या स्थिर दराच्या आयसात मुदतीआधी पैसे काढले तर दंड म्हणून काही महिन्यांचं व्याज कापतात. घराचा व्यवहार कधी जुळेल सांगता येत नाही, तेव्हा निम्मी तरी रक्कम कधीही काढता येईल अशा प्रकारात असू द्या. एप्रिल २०२७ पासून ६५ वर्षांखालच्यांना रोख आयसाची मर्यादा १२,००० होणार आहे. तुमच्या घराच्या वेळापत्रकाला त्याने फरक पडू नये, पण उगाच पुढे ढकलू नका.

घर घ्यायचंय म्हटल्यावर लाइफटाइम आयसा सोडून चालणार नाही. १८ ते ३९ वयात उघडता येतं, वर्षाला ४,००० टाकले की सरकार १,००० घालतं. २५ टक्क्यांची ही भर कुठल्याही सोडतीत मिळणार नाही. अटी कडक आहेत. पहिलंच घर हवं, किंमत ४,५०,००० पौंडांपर्यंत, घर गृहकर्जावर घेतलेलं असावं, आणि खातं सुरू होऊन १२ महिने झालेले असावेत. पहिलं घर म्हणजे जगात कुठेही आधी घर नावावर नसणं. पुण्याच्या फ्लॅटवर तुमचं नाव असल्यामुळे तुम्ही बाद, आणि भारतातल्या वाडवडिलांच्या घरात वाटा असलेले कितीतरी मराठी लोक याच अटीत अडकतात. नंतर दुसऱ्या कारणासाठी पैसे काढले तर २५ टक्के दंड लागतो. भर धरून ५,००० झालेले असतील तर हातात ३,७५० येतात, म्हणजे स्वतःचेच २५० गेले.

पत्नीच्या नावावर कुठे घर नसेल आणि वय बसत असेल तर तिने मात्र आजच खातं उघडावं, अगदी थोड्या पौंडांनी का होईना, म्हणजे १२ महिन्यांचं घड्याळ सुरू होईल. दोघांनी मिळून घर घेतलं आणि तुम्ही पहिल्यांदा घेणारे नसलात तरी तिचं लाइफटाइम आयसा वापरता येतं. स्टॅम्प ड्युटीतली पहिल्या घराची सवलत मात्र दोघंही पात्र असल्याशिवाय मिळत नाही, तिथे पुण्याचा फ्लॅट पुन्हा आडवा येतो. दोन करवर्षांत ४,००० प्रमाणे ८,००० टाकले तर सरकारची भर २,०००. ही रक्कम तिच्या २०,००० च्या मर्यादेतच मोजली जाते.

सरकारी रोखे, म्हणजे गिल्ट, हा कमी बोलला जाणारा पर्याय. व्यक्तीला गिल्टवरच्या भांडवली नफ्यावर कर नाही, कर फक्त कूपनच्या, म्हणजे रोख्यावर ठरलेल्या, व्याजावर. कमी कूपनचे गिल्ट दर्शनी किमतीपेक्षा स्वस्त मिळतात आणि परताव्याचा बहुतेक भाग नफ्याच्या रूपात येतो. उदाहरणार्थ, ३१ जानेवारी २०२८ ला मुदत संपणारा ०.१२५ टक्के कूपनचा गिल्ट. समजा असा गिल्ट दोन वर्षं बाकी असताना ९३ ला मिळाला, तर मुदतीला १०० येतात, वर्षाला साधारण ३.७ टक्के, अधिक नाममात्र व्याज. जवळपास सगळं करमुक्त आणि निश्चित. ब्रोकरचं खातं लागतं, प्रत्येक खरेदीला शुल्क, काही ठिकाणी वार्षिक शुल्कही. मुदतीआधी विकलं तर भाव त्या दिवशीचा, तो खाली असू शकतो. ज्यांच्या सगळ्या सवलती भरल्यात आणि पैसे नक्की कधी लागणार ते ठाऊक आहे, त्यांनी बाँडच्या आधी हे बघावं. तुम्हाला सध्या गरज नाही.

काही बँका महिन्याच्या बचतीवर ६-७ टक्के देतात, त्याने हुरळू नका. २५० पौंड दर महिन्याला ७ टक्क्यांनी टाकले तर वर्षाअखेर व्याज ११४ पौंडांच्या आसपास, कारण शेवटचे हप्ते खात्यात महिना-दोन महिनेच असतात. पगारातून नव्याने साठवायला चांगलं, ६०,००० च्या प्रश्नाचं उत्तर ते नाही.

एनआरई ठेवीबद्दल (अनिवासी भारतीयांची भारतातली रुपयांतली ठेव) अनेक जण विचारतात. भारतात व्याज करमुक्त, पण ब्रिटनमध्ये राहणाऱ्याला ते इथे दाखवावं लागतं. एप्रिल २०२५ पासून नव्याने आलेल्यांना पहिली चार वर्षं परदेशी उत्पन्नावर सवलत मागता येते, पण ती घेतली की १२,५७० ची वैयक्तिक करमुक्त मर्यादा जाते. शिवाय घर पौंडांत घ्यायचंय आणि पैसे रुपयांत ठेवले, तर दोन वर्षांत दराने मिळालेलं विनिमयात जाऊ शकतं. घराच्या पैशांसाठी मी हे कमी जोखमीत धरत नाही.

सुरक्षिततेच्या नावाखाली बाँड घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट: १ डिसेंबर २०२५ पासून बँकेतल्या ठेवींना एफएससीएसचं (बँक बुडाली तर ठेवी भरून देणारी योजना) संरक्षण माणशी, दर परवानाधारक बँकेत, १,२०,००० पौंडांपर्यंत आहे. साठ हजारांना बँक आणि एनएसअँडआय यांत या बाबतीत तुम्हाला फरक पडत नाही. दराची हमी मात्र बाँडमध्ये मुळीच नाही. डिसेंबर २०२० मध्ये दर १ टक्क्यावर आणला होता, सप्टेंबर २०२३ मध्ये ४.६५ वर गेला, तिथून परत उतरत आला. आणि २०२५ च्या उन्हाळ्यात इथली महागाई ३.८ टक्के होती, तेव्हा ३ टक्के म्हणजे प्रत्यक्षात पैशांची किंमत घटतच होती.

एवढं वाचूनही काही रक्कम बाँडमध्ये ठेवावीशी वाटली, समजा पाच-दहा हजार, तर ती तुमच्या नावावर ठेवा, पत्नीची करमुक्त जागा त्यात वाया घालवू नका. आणि तारखांकडे लक्ष द्या, कारण नुकसान इथेच होतं. बाँड घेतल्यावर एक पूर्ण कॅलेंडर महिना ठेवावे लागतात, मग पुढच्या सोडतीत येतात. ३१ जुलैला घेतले तर ऑगस्ट भरला, सप्टेंबरच्या सोडतीत तुम्ही आहात. १ ऑगस्टला घेतले तर ऑगस्ट मोजत नाहीत, सप्टेंबर भरायचा, सोडत थेट ऑक्टोबरची. एका दिवसाच्या फरकाने एक महिना गेला. म्हणून पैसे बँकेत व्याज खात राहू द्या आणि महिना संपायच्या दोनतीन कामाचे दिवस आधी बाँडमध्ये टाका, म्हणजे ते वेळेत जमा होतील.

काढताना उलटं. सोडत महिन्याच्या सुरुवातीला निघते आणि ती सरलेल्या महिन्याची असते. २८ तारखेला बाँड मोडले तर अख्ख्या महिन्याची संधी गेली. सोडत झाल्यावर दोनचार दिवसांत मोडा. संकेतस्थळावर पैसे काढताना पुढची सोडत झाल्यावर द्या असाही पर्याय असतो. पैसे खात्यात यायला साधारण तीन कामाचे दिवस धरा, घराच्या डिपॉझिटच्या तारखेला हे जमेत घ्या. दोन्ही टोकांना तारखा नीट जुळवल्या तर बारा महिन्यांत बाराच्या बारा सोडती मिळतात, आणि पहिला महिना फुकट जातो ही तक्रार उरत नाही. न जुळवल्या तर पहिल्या वर्षी बारा ऐवजी दहा, म्हणजे ३ टक्क्यांचे अडीच.

जुने बाँड मोडून नवे घेतले की जास्त लागतं, हे मात्र डोक्यातून काढून टाका. अर्नीला बाँडचं वय कळत नाही. अलीकडच्या क्रमांकांना जास्त बक्षिसं दिसतात कारण अलीकडचे क्रमांकच जास्त आहेत. मोडून घेतलेल्या नव्या बाँडना पुन्हा महिनाभर थांबावं लागतं, एवढंच हाती येतं.

बक्षीस थेट बँकेत जमा करायचं किंवा त्याचे पुन्हा बाँड घ्यायचे, हे खात्यात निवडता येतं. ५०,००० पूर्ण असतील तर पुन्हा बाँड घेता येत नाहीत. पत्ता आणि बँक खातं अद्ययावत ठेवा. न मागितलेली बक्षिसं १० कोटी पौंडांच्या वर साचलीत, आणि त्यामागे बरेचदा बदललेला पत्ता असतो. बाँड एकाच्याच नावावर असतात, दोघांच्या नावे किंवा दुसऱ्याकडे वळवता येत नाहीत. धारकाचं निधन झालं तर पुढचे १२ महिने ते सोडतीत राहतात.

राहिलं परतीचं. करमुक्त हा शब्द ब्रिटनपुरता आहे. भारतात गेल्यावर सुरुवातीचा काळ तुमचा दर्जा बरेचदा रहिवासी पण सामान्य रहिवासी नाही असा असतो आणि परदेशातल्या अशा मिळकतीवर तिथे कर लागत नाही. तो काळ संपून तुम्ही पूर्ण रहिवासी झालात की जगभरचं उत्पन्न भारतात करपात्र होतं, आणि बाँड विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवावे लागतात. बक्षीस तिथे कोणत्या सदरात धरायचं, सोडतीचं बक्षीस म्हणून सरसकट ३० टक्के की अन्य उत्पन्न म्हणून, हे तुमच्या सीएकडून आधी लेखी घ्या, किंवा तो काळ संपण्याआधीच बाँड मोडून मोकळे व्हा. बक्षिसाचे पैसे यायला ब्रिटिश बँक खातंही लागतं, ते परतताना घाईघाईत बंद करू नका.